घोरपड पाळता येते का?

आज मी ज्या प्राण्याविषयी बोलणार आहे, तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. शेताच्या धुऱ्यावर, नाल्याच्या काठी, पडक्या भिंतीच्या कपारीत किंवा सकाळच्या उन्हात एखाद्या दगडावर मान ताठ करून बसलेली घोरपड. वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतकऱ्याला घोरपडीविषयी विचारा, तो आधी हाताने तिची लांबी दाखवतो, आणि ती लांबी दर वेळी थोडी वाढलेली असते. आमच्या बाळापूरला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर विटांचा किल्ला आहे. तो १७५७ मध्ये पूर्ण झाला. जुन्या विटा, भेगा, बुरुजावर वाढलेली झुडपे आणि खाली नदीचे पात्र. घोरपडीला आणखी काय लागते?

अलीकडे तरुण मुले मोबाईलवर चित्रफिती दाखवतात. परदेशातला कोणी गृहस्थ दोन मीटर लांबीची घोरपड मांडीवर घेऊन सोफ्यावर बसलेला असतो. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि ती डोळे मिटते. हे पाहून मुले विचारतात, "चाचा, आपल्याकडे तर घोरपडी शेतात फिरतात. मग आपण एखादी पाळली तर काय बिघडले?" प्रश्न सरळ आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. कायद्याचे उत्तर एका वाक्याचे आहे: नाही, पाळता येत नाही. पण नुसते 'नाही' सांगितले की तरुण मनाला ते पटत नाही. म्हणून आधी या प्राण्याची नीट ओळख करून घेऊ आणि मग कायद्याकडे वळू.

जगात घोरपडीच्या कुळात ऐंशीहून अधिक जाती आहेत. त्या आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात राहतात. भारतात चार जाती सापडतात. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या सखल भागातली पिवळी घोरपड, राजस्थान-कच्छकडची वाळवंटी घोरपड, सुंदरबन, ओडिशाची खाडी आणि अंदमान-निकोबारकडे राहणारी पाणघोरपड, आणि चौथी आपली नेहमीची घोरपड, जी जवळजवळ सगळ्या देशात आहे. आपली घोरपड शेपटीसह साडेपाच फुटांपर्यंत वाढते आणि मोठ्या नराचे वजन सहा-सात किलोपर्यंत जाते. पाणघोरपड याहून मोठी, सहा-सात फुटांची सहज होते. आणि या कुळाचा राजा म्हणजे इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन, जो दहा फुटांपर्यंत लांब असतो आणि हरीण, रानडुक्कर, म्हैससुद्धा मारतो.

शास्त्रज्ञ या कुळाला 'वारानस' म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी आहे. अरबी भाषेत घोरपडीला 'वरल' म्हणतात. मिस्र देशातल्या नाईल नदीच्या काठी मोठ्या घोरपडी असतात, त्यांच्यासाठी हा शब्द चालत असे. तो युरोपात गेला, तिथे थोडा वाकला आणि लॅटिनच्या पोशाखात शास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसला. शब्दांचे प्रवास पाहणे हा माझा जुना छंद. पण या शब्दाबरोबर एक गोंधळही चालत आला आहे, त्याकडे पुढे येईन.

घोरपडीचे शरीर सरड्यासारखे दिसते, पण तिची राहणी सरड्याची नाही. पहिली गोष्ट तिची जीभ. ती सापासारखी लांब आणि दुभंगलेली असते. घोरपड जीभ बाहेर काढते, हवेतले गंधाचे कण तिच्यावर घेते आणि टाळूतल्या एका खास इंद्रियापर्यंत पोचवते. जिभेच्या दोन टोकांपैकी कोणत्या टोकाला वास जास्त लागला, यावरून तिला भक्ष्याची दिशा कळते. म्हणून चालताना तिची जीभ सारखी आतबाहेर होते. तिचा बहुतेक दिवस असा हुंगत, उकरत, शोधत जातो.

दुसरी गोष्ट तिचा श्वास. सरडा थोडा धावतो, थांबतो आणि पुन्हा धावतो, हे आपण पाहिले असेल. धावताना त्याचे अंग डावीउजवीकडे वळते, त्यामुळे फुप्फुसात पुरेशी हवा जात नाही. घोरपडीने यावर तोड काढली आहे. ती गळ्याची पिशवी भात्यासारखी चालवते आणि धावता धावता हवा आत ढकलते. हा भाग १९९९ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाला. त्यामुळे घोरपड दूरवर चालू शकते, धावू शकते, झाडावर चढू शकते आणि पाण्यात पोहू शकते. एवढा दम असलेला प्राणी चार फुटांच्या पेटीत ठेवायचा म्हणजे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

तिसरी गोष्ट ऊन. सस्तन प्राण्याला अन्नातून ऊब मिळते, घोरपडीला ती बाहेरून घ्यावी लागते. सकाळी ती उन्हात अंग तापवते, मगच शिकारीला निघते. फार तापले की सावलीत किंवा बिळात जाते. अकोल्याच्या मे महिन्यात तिलाही बीळच बरे वाटते. थंडीत ती फारशी बाहेर पडत नाही. म्हणजे तिला तापलेला दगडही हवा आणि गार बीळही हवे, आणि कोणत्या क्षणी कुठे जायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्यही हवे. अन्न पचवणेसुद्धा या उन्हावर अवलंबून असते. पोटात अन्न आहे आणि अंगाला ऊब नाही, अशी वेळ आली तर अन्न आतच कुजते.

चौथी गोष्ट तिची अंडी. मादी पावसाळ्याच्या सुमारास वीस-पंचवीस अंडी घालते. कधी जमिनीत खड्डा करून, तर कधी वारुळ उकरून त्यात. वारुळात ऊब आणि ओल सारखी राहते, म्हणून ती जागा सोयीची. मादी खड्डा बुजवून निघून जाते. पिले सहा-आठ महिन्यांनी बाहेर येतात. आपण वारुळाला नागाचे घर समजून हात जोडतो, पण आत कधी कधी घोरपडीची पुढची पिढी निजलेली असते.

आता तिच्या पकडीविषयी. महाराष्ट्रात घोरपड म्हटले की सिंहगड आणि तानाजी मालुसरे आठवतात. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे कडा चढून गेले. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात तानाजीची 'यशवंती' नावाची घोरपड आहे, जिच्या कमरेला दोर बांधून ती कड्यावर सोडली. मात्र सभासदाच्या बखरीत घोरपडीचा उल्लेख नाही. तिथे मावळे वानरांसारखे कडा चढून गेले असे वर्णन आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपराही अशीच सांगते की १४७१ मध्ये खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घोरपडीच्या साहाय्याने घेतला आणि बहामनी सुलतानाने 'घोरपडे' हा किताब दिला.

इतिहासकार या गोष्टी जशाच्या तशा मान्य करत नाहीत. सहा-सात किलोचा प्राणी कड्यावर माणसाचे वजन पेलून धरील, हे कठीणच. पण या कथांच्या मुळाशी एक खरे निरीक्षण आहे. बिळात किंवा कपारीत शिरलेली घोरपड छातीत हवा भरून अंग फुगवते, नख्या रोवते आणि दगडात पाचरीसारखी बसते. मग शेपटी धरून कितीही ओढा, ती सुटत नाही. एक मजेची गोष्ट अशी की पोवाड्यातली यशवंतीसुद्धा पहिल्या खेपेला मागे फिरते आणि तानाजीला तिच्यावर रागवावे लागते. लोककवीलाही ठाऊक होते की हा प्राणी हुकमाचा ताबेदार नाही.

मग घोरपड माणसाळत नाही काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर काही माणसाळतात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जोन प्रॉक्टर नावाच्या बाई सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाच्या प्रमुख होत्या. १९२७ मध्ये त्यांच्या आराखड्यानुसार तिथे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी नवी इमारत उघडली. तिथे आलेल्या कोमोडो ड्रॅगनपैकी 'सुंबावा' नावाचा एक त्यांच्या हातून खात असे, त्यांच्याबरोबर फिरत असे. ऑक्टोबर १९२८ मध्ये त्यांनी तो शास्त्रज्ञांच्या सभेत नेला. तो टेबलावर निवांत राहिला आणि लोकांनी त्याला हात लावून पाहिले. १९३१ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्या बाई वारल्या.

घोरपडी हुशार असतात, हेही खरे आहे. अमेरिकेतल्या डॅलस येथे घोरपडीच्या आठ पिलांवर एक प्रयोग झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पारदर्शक नळीत उंदीर ठेवला होता. नळीला बिजागरीची छोटी दारे होती. आठही पिलांनी पहिल्याच खेपेस दहा मिनिटांच्या आत दार उघडले, आणि दुसऱ्या खेपेस याहून लवकर. असा प्राणी माणूस ओळखतो, वेळ ओळखतो, अन्नाचे भांडे ओळखतो. पण ओळखणे आणि माया लावणे यांत फरक आहे. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या उंबऱ्याशी राहिला, त्याच्या पिढ्यांमागून पिढ्या निवडल्या गेल्या. घोरपडीच्या बाबतीत असे काहीच घडलेले नाही. मांडीवर डोळे मिटणारी घोरपड बहुतेक वेळा अंगाची ऊब घेत असते. तिच्या दृष्टीने ती मांडी म्हणजे तापलेला दगड.

सुंबावाची गोष्ट ऐकून एक प्रश्न आपण स्वतःला विचारावा. त्याच्यामागे काय होते? एक विदुषी, खास बांधलेली इमारत, उष्णतेची व्यवस्था, पशुवैद्य आणि संस्थेचा पैसा. घरात यातले काय असते?

घरातल्या घोरपडीचे काय होते, हे परदेशातल्या पशुवैद्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. पहिला रोग हाडांचा. घोरपडीला उन्हातल्या अतिनील किरणांची गरज असते. त्यांच्यामुळे शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या मदतीने हाडांना चुना मिळतो. खिडकीच्या काचेतून ऊन येते, पण हे किरण काच अडवते. त्यात बिनहाडाचे मांस खायला घातले की हाडे मऊ पडतात, जबडा सुजतो, कणा वाकतो. पिलू चालता चालता पाय मोडून बसते.

दुसरा रोग लठ्ठपणाचा. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या देशांतून सवाना घोरपडीची पिले मोठ्या संख्येने अमेरिकेच्या बाजारात गेली. रानात ही घोरपड मुख्यतः किडे, गोम, गोगलगायी खाते आणि त्यासाठी दिवसभर भटकते. घरी तिला उंदीर आणि अंडी मिळाली, भटकणे बंद झाले. चरबी यकृतावर साचली आणि कित्येक लवकर मेल्या. आपली घोरपडही रानात भुंगे, अळ्या, खेकडे, उंदीर, अंडी आणि मेलेले जनावर असे मिळेल ते खाते. तिला बांधून रोज कोंबडीचे तुकडे टाकणारा माणूस प्रेमानेच तिला मारत असतो. तिसरा रोग मूत्रपिंडांचा. अंगाला पाणी कमी पडले की ती निकामी होतात. रानात ती ओलसर बिळात जाऊन पाणी राखते, कोरड्या पेटीत तिला ती सोय नसते.

आता माणसाला असलेला धोका. घोरपड स्वतःहून माणसावर धावून येत नाही. तिचा पहिला उपाय पळणे. कोंडीत पकडली तर ती फुगते, फूत्कार टाकते, शेपटीचा फटका मारते, नख्यांनी ओरबाडते आणि शेवटी चावते. तिचे दात आत वळलेले असतात. चावल्यावर ती पटकन सोडत नाही आणि हात ओढून घेतला की जखम फाटते. लोकांत तिच्या विषाविषयी अनेक समजुती आहेत. उत्तर भारतात तर घोरपडीच्या पिलाला 'बिसखोपरा' म्हणतात आणि त्याच्या नुसत्या फुंकरीने माणूस मरतो असे समजतात. हे खरे नाही. मात्र शास्त्राचेही मत या बाबतीत बदललेले आहे. पूर्वी असे मानत की कोमोडोच्या तोंडातल्या जंतूंमुळे शिकार मरते. २००९ मध्ये ब्रायन फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की त्याच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी आहेत, त्यांतला स्राव रक्त गोठू देत नाही आणि रक्तदाब खाली आणतो. तसले काही घटक या कुळातल्या इतर जातींतही आहेत. त्या स्रावाचे महत्त्व किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. आपल्यापुरती व्यवहाराची गोष्ट एवढी: घोरपड चावली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, डॉक्टरकडे जावे, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. आणि घरात लहान मूल असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असतात. पेटीला, भांड्याला लागलेला हात तोंडात गेला तरी मुलाला जुलाब-ताप होतो.

मोठ्या जातींच्या बाबतीत गोष्ट याहून पुढे जाते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात एक माणूस आपल्या घरात मेलेला सापडला. त्याने सात नाईल घोरपडी पाळल्या होत्या आणि त्या घरात मोकळ्या होत्या. त्यांनी त्याचा देह खाल्ला होता. मृत्यू नेमका कशाने आला हा भाग बाजूला ठेवला, तरी खायला घालणारा हात थांबल्यावर त्या प्राण्यांच्या लेखी तो माणूस काय उरला, हे कळते. यात घोरपडीचे पाप नाही, तिचा तो स्वभावधर्म आहे.

ज्यांना पुढे ही जबाबदारी झेपली नाही, त्यांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात केप कोरल नावाचे कालव्यांचे गाव आहे. तिथे १९९० च्या सुमारास पाळीव बाजारातून सुटलेल्या नाईल घोरपडींनी वस्ती केली. आता त्या तिथल्या पक्ष्यांची अंडी खातात, जमिनीत बीळ करून राहणाऱ्या घुबडांना त्रास देतात. हौसेला घेतलेले हातभर पिलू दोन-तीन वर्षांत माणसाएवढे लांब होते, पंधरा-वीस वर्षे जगू शकते, आणि हौस मात्र तेवढी टिकत नाही.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, भारतातल्या चारही घोरपडी आहेत. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणे नव्हे. पकडणे, फासे लावणे, त्याचा प्रयत्न करणे आणि सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी फोडणे किंवा घरटे विस्कटणे, हेही शिकारीतच मोडते. वन्य प्राणी ही सरकारची मालमत्ता आहे, त्यामुळे 'माझ्या शेतात सापडली म्हणून माझी' हे म्हणणे टिकत नाही. शिक्षा कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. त्यानुसार दंडही किमान २५ हजार रुपये झाला.

कोणी म्हणेल, मी परदेशी घोरपड आणीन. पण वारानस कुळातल्या सगळ्या जाती वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या आहेत, आणि भारत १९७६ पासून त्या करारात आहे. आपली घोरपड आणि कोमोडो तर पहिल्या परिशिष्टात, जिथे व्यापाराला मनाईच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कराराच्या यादीतला परदेशी प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याला नोंद करणे बंधनकारक झाले आणि २०२४ मध्ये त्याचे नियम निघाले. चित्रफितीत मांडीवर बसलेली ती मोठी काळसर घोरपड पुष्कळदा पाणघोरपड असते. ती परदेशात वाढलेली असली तरी जात भारतातलीच, म्हणून पहिल्या अनुसूचीतली.

तरीही चोरटा व्यापार चालतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या विमानतळावर शोभेचे मासे म्हणून आलेला माल महसूल गुप्तचर संचालनालयाने उघडला. आत अजगर, सरडे, कासवे, इग्वाना असे ६६५ प्राणी निघाले. त्यांतले ११७ आधीच मेलेले होते. पाळीव प्राण्याच्या दुकानातल्या किंवा मोबाईलवरच्या चित्रामागे हा हिशेब असतो.

आपल्या गावाकडे घोरपडीला हौसेपेक्षा अंधश्रद्धेने अधिक मारले आहे. तिचे मांस सांधेदुखीवर चांगले, तिचे तेल पुरुषत्वासाठी चांगले, अशा समजुती आहेत. त्यापायी घोरपड पकडून, पाय पाठीवर बांधून जिवंत ठेवतात आणि गिऱ्हाईक आल्यावर कापतात. या औषधांना कोणताही वैद्यकीय आधार नाही. जडीबुटीच्या दुकानांत 'हाथा जोडी' नावाची वस्तू विकत असत. जोडलेल्या हातांसारखे दिसणारे दुर्मीळ झाडाचे मूळ, तिजोरीत ठेवले की लक्ष्मी येते, असे सांगत. २०१७ मध्ये वन्यजीव संस्थांनी उघड केले की ते मूळ नसून नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय आहे. लोक देव्हाऱ्यात काय पुजत होते, हे त्यांचे त्यांनाही माहीत नव्हते. पूर्वी खंजिरी आणि दिमडीवर घोरपडीचे कातडे चढवीत. वऱ्हाडात खंजिरी म्हटली की तुकडोजी महाराज आठवतात, भजन आठवते. आता दुसरे कातडे किंवा कृत्रिम पडदा वापरता येतो आणि भजनाचा गोडवा त्याने कमी होत नाही.

आता सुरुवातीला म्हटलेला तो गोंधळ. आमच्यात काही लोक म्हणतात की हदीसमध्ये घोरपड खाल्ल्याचा उल्लेख आहे. तिथला अरबी शब्द 'दब्ब' आहे, 'वरल' नाही. दब्ब म्हणजे काटेरी शेपटीचा, झाडपाला खाणारा वाळवंटी प्राणी, ज्याला आपल्याकडे सांडा म्हणतात. पैगंबर साहेबांनी स्वतः तो खाल्ला नाही, दुसऱ्यांना मना केले नाही, एवढा तो प्रसंग आहे. दब्ब आणि वरल हे वेगळे प्राणी आहेत. शब्दांचा घोळ झाला आणि त्याची किंमत घोरपडीने चुकवली.

मग घोरपड कोणीच ठेवू नये काय? ठेवावी, पण ज्यांचे ते काम आहे त्यांनी. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता असलेल्या संस्था आहेत. चेन्नईजवळची क्रोकोडाइल बँक १९७६ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी उभी केली आणि तिथे पाणघोरपडींची पैदासही झाली. अशा ठिकाणी ठेवलेल्या प्राण्यांकडून माणूस शिकतो. २००५-०६ मध्ये इंग्लंडमधल्या लंडन आणि चेस्टर या प्राणिसंग्रहालयांतल्या कोमोडो माद्यांनी नराशिवाय अंडी घातली, त्यांत जीव होता, आणि लंडनच्या मादीच्या अंड्यांतून तर पिले निघाली. एकटी मादी वंश चालवू शकते, हे कोमोडोबाबत जगाला असे कळले. अशा संस्थांत पशुवैद्य असतो, नोंदवही असते, आणि सांभाळणारा माणूस रजेवर गेला तरी त्याच्या जागी दुसरा येतो. घरात यातले काही नसते.

आपल्याला घोरपड जवळून पाहायची असेल, तर तिचे घर आपल्याजवळच आहे. सकाळी आठ-नऊच्या उन्हात धुऱ्याजवळ वीस पावलांवर स्थिर उभे राहावे. ती जीभ काढते, मान वळवते, पाला उकरते, भुंगा खाते. शेतातले उंदीर आणि किडे ती फुकट वेचते, हा तिचा आपल्यावरचा उपकार. वारुळ पाडण्यापूर्वी, धुरा जाळण्यापूर्वी थोडा विचार करावा. गावातल्या मोकाट कुत्र्यांनाही आवरावे, कारण तेही घोरपडी मारतात. पावसाळ्यात बिळात पाणी शिरले की एखादी घोरपड न्हाणीत किंवा गोठ्यात येते. तेव्हा काठी शोधू नये. मुलांना आणि कुत्र्याला बाजूला घ्यावे, बाहेर जायची वाट मोकळी ठेवावी. बहुतेक वेळा ती आपणहून जाते. नच गेली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. सर्पमित्र बोलावला तरी वनविभागाला कळवूनच.

बुखारी शरीफमध्ये एका बाईची हकीकत आहे. तिने मांजर कोंडून ठेवली. तिला खायला घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे तिने स्वतः शोधून खावेत म्हणून सोडलेही नाही. मांजर मेली आणि त्या बाईला त्याची शिक्षा भोगावी लागली. लहानपणी हे ऐकताना मला उपाशी ठेवण्याचा भागच मोठा वाटे. आता त्यातला दुसरा भागही तितकाच मोठा वाटतो. जमिनीवर आपले अन्न आपण शोधणे, हा त्या मांजरीचा हक्क होता. घोरपडीचा तर सगळा जन्मच त्या शोधात जातो. तिला पेटीत ठेवून कितीही मांस घातले, तरी तिच्याकडून आपण हेच काढून घेतो.

म्हणून त्या मुलांना माझे उत्तर असे: घोरपड बांधून ठेवता येते, कोंडून ठेवता येते, पण आपण ज्याला पाळणे म्हणतो तसे तिला पाळता येत नाही. मोबाईल हातात आहेच, तर सकाळी धुऱ्यावर जा आणि लांबून तिची चित्रफीत काढा. तिला हात लावू नका, हुसकावू नका आणि नेमकी जागा कोणाला सांगू नका. मला मात्र ती चित्रफीत जरूर दाखवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)